खान्देशातल्या जुन्या परमिट रूम, बियर बार, ढाबे : आठवणी टाका

तापीकाठची
सासरे जाऊन सहा महिने झाले. काल त्यांचं लोखंडी कपाट आवरायला घेतलं. विम्याच्या पावत्या, केळीची जुनी बिलं, आणि तळाला प्लास्टिकच्या पिशवीत एक छोटी पुस्तिका. दारू पिण्याचा परवाना! फोटोत केस काळेभोर. आरोग्य राखण्यासाठी परवाना देण्यात येत आहे, असं काहीतरी छापलेलं. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "राखलं की. चौऱ्याऐंशी वर्षं राखलं." आणि तोंडाला पदर लावून हसत बसल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

त्यावरून माझे वडील आठवले. माहेर जळगाव. पगाराच्या दिवशी ते आम्हा दोघी बहिणींना लुनावर बसवून नव्या पेठेकडे न्यायचे. पाटीवर 'परमिट रूम' आणि खाली बारीक अक्षरात 'फॅमिली रूम'. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचा खोका, त्याला मरून पडदा, पडद्याला हात पुसल्याचे हळदीचे डाग, भिंतीवर बेलचं बटण. आम्हाला एक गोल्ड स्पॉट आणि दोन स्ट्रॉ. वडिलांना एक बियर. ग्लास तिरपा धरून ते अशी ओतायचे की फेस काठापर्यंत येऊन थांबायचा, सांडायचा नाही. आम्ही श्वास रोखून बघायचो. कोपऱ्यात काचेची पेटी, त्यात एकच मासा. घरी सांगायचं नाही, त्याबदल्यात अर्धं-अर्धं उकडलेलं अंडं. आमचं घर शाकाहारी. परत आलो की आई वडिलांना सोडून आमचीच तोंडं हुंगायची, अंड्यासाठी.

तुमच्याही असतील. पुण्या-बंगळूरचे पब पण चालतील, फक्त आत गेलेला माणूस खान्देशातला हवा.

केळीचा_घड
एकच मासा!! सगळीकडे एकच का असायचा भो? बाकीचे चखन्यात जायचे काय

गल्ली नंबर ५
धुळेकर हजर. आमच्याकडे बारपेक्षा ढाब्याला मान. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यातच एकमेकांना कापतात, त्यामुळे रात्री बारा वाजता ढाब्यावर पंजाबी, मद्रासी, गुजराती, सगळे ड्रायव्हर. खाटेवर आडवी फळी टाकली की झालं टेबल. कॉलेजला असताना आम्ही पाच जण एक बाटली रम आणि दोन प्लेट शेवभाजी यावर पहाटेपर्यंत बसायचो. मालक मधे मधे रस्सा फुकट वाढायचा, कारण रस्सा तिखट, तिखट म्हणजे भाकरी जास्त, भाकरीचे पैसे वेगळे. हे गणित मला नोकरी लागल्यावर कळलं.
ट्रकवाल्यांना मात्र तो रस्सा झेपत नसे. एक सरदारजी डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, ये सब्जी है के सज़ा है.

सुगरण_अमळनेर
विषय निघालाच आहे म्हणून, ढाब्याच्या शेवभाजीचा तो काळपट रंग घरी येत नाही. खोबरं-कांदा चांगला काळा भाजते तरी. काय करतात?

गल्ली नंबर ५
कांदा गॅसवर नाही, निखाऱ्यात घालायचा, सालासकट. आणि तेल बघू नका, डोळे मिटून ओता.

केळीचा_घड
आणि शेव वाढताना टाकायची. आधी टाकली तर पिठलं होतं. जाड तिखट शेव, बारीक नाही.

लोको शेड
भुसावळ. माझी बारमधली आठवण नाही, वडिलांच्या कामावरची आहे, चालेल ना? ते रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबात, बिलियर्डचं टेबल, खुर्च्या वगैरे बघायचे. तेव्हा रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं भरपूर. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. नाताळ ते ३१ डिसेंबर हॉलमध्ये नाच. दुपारीच वडील लाकडी फरशीवर पांढरी पावडर भुरभुरायचे आणि गोणपाटावर आम्हा पोरांना बसवून हॉलभर ओढायचे. पावडर सगळीकडे सारखी बसावी म्हणून. बूट घसरले पाहिजेत ना नाचताना. आम्हाला वाटायचं आपल्याला खेळवतात.
रात्री आम्ही खिडकीखाली विटा रचून उभे राहायचो. फ्रॉक घातलेल्या बायका, सूट घातलेले तेच गार्ड जे सकाळी हिरवी झेंडी दाखवत होते. मधेच नाच सोडून एखादा ड्रायव्हर कोट काढत बाहेर धावायचा, ड्युटीवर बोलवायला आलेला कॉलबॉय दारात उभा. गाडीची वेळ झालेली.
पुढे एकेक कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. वडिलांना एका मेमसाबने जाताना केकचा साचा दिला. आई त्यात ढोकळा करायची.

तापीकाठची
@लोको शेड गोणपाट!! किती सुंदर. साचा आहे का अजून?

लोको शेड
आहे. मोठ्या बहिणीकडे. भांडण चालू आहे.

सीमेवरचा
नवापूर. आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, हे सगळ्यांना माहीत असेल. तिकडे १९६० पासून दारूबंदी. शनिवारी संध्याकाळी गावात जीजे ०५ च्या गाड्या मोजायच्या हा आमचा लहानपणीचा खेळ. सुरतचे शेठ लोक, फार सभ्य, प्यायचे आणि हिशोब वहीत मांडायचे. परतताना चेकपोस्टच्या आधी सगळे बडीशेप चघळत. पानवाल्याने त्यावर घर बांधलं.
डोंगराकडून येणाऱ्यांना मात्र या बारचं काही कौतुक नव्हतं. मोहाची घरची असताना बाटलीला पैसे कोण देणार. आमचे एक आप्पा बारमध्ये एकदाच गेले, बिल बघितलं आणि म्हणाले, "मी घर जास आते. हाई पानीना इतला पैसा?"

मुक्काम_बंगळूर
९७ साली जळगावहून इंजिनियर होऊन इकडे आलो. ऑफिसची पोरं पहिल्याच शुक्रवारी चर्च स्ट्रीटवर 'नासा' नावाच्या पबमध्ये घेऊन गेली. आतून सगळं अंतराळयान. मी पायातल्या चपला बघतोय. वेटरने विचारलं पिचर? मी म्हटलं, कोणता पिक्चर? टेबल अजून हसतंय.
आणि आपल्या सवयीने मी विचारलं, सोबत काय फुकट आहे? चणे, काकडी, काहीच? पॉपकॉर्न आले. नंतर 'पेकोस'ला जाऊ लागलो, तिथे अंधार, रॉकची गाणी, भिंती कळकट. ते जरा आपल्या परमिट रूमसारखं वाटलं. माशाची पेटी तेवढी नव्हती.

शेंगदाणा
बियरला २१ आणि बाकीला २५ वर्षं पूर्ण, असा आपल्याकडचा नियम. आम्ही अकरावीला काजळाने मिशी काढून गेलो होतो. मे महिना, भुसावळ. पुढचं सांगायला नको.

केळीचा_घड
ओघळली ना मिशी 😂😂

नाव नको
सगळे मजेत लिहीत आहात, लिहा. माझी आठवण वेगळी. मला त्या पडद्यामागे बोलवायला पाठवायचे. नऊ-दहा वर्षांची असेन. "जा, दादांना म्हणावं जेवायला चला." सगळे टेबलवाले ओळखीचे, कुणी गाल ओढायचा, कुणी शेंगदाणे द्यायचा. दादा म्हणायचे, हो पुढे, आलोच. मी पायरीवर बसून राहायची. भाजी दोनदा गरम व्हायची.
पुढे आमच्या गावात आडवी बाटली-उभी बाटलीचं मतदान झालं, आडवी म्हणजे दारू बंद. नुसत्या झालेल्या मतांत जास्त मिळून भागत नाही, यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारायला लागतो. आई पहाटे शेतातली मजुरी सोडून रांगेत पहिली. लग्न होऊन गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या, सगळ्यांची नावं यादीत होतीच. थोडक्यात हुकलं. आई घरी आली, काही बोलली नाही, पीठ मळायला बसली.

तापीकाठची
ताई, लिहिलंत ते बरं केलंत. मी विषय काढताना हा विचार केला नव्हता.

सुगरण_अमळनेर
माझ्या मावशीच्या घरी हेच. पायरीसुद्धा तीच असेल.

गल्ली नंबर ५
ताई 🙏

हिशोबनीस
मी स्वतः एका बारच्या गल्ल्यावर होतो, गाव सांगत नाही. दोन गोष्टी.
एक, तो परवाना सासऱ्यांनी खरंच काढून ठेवला म्हणजे सज्जन माणूस. बहुतेकांचा एक दिवसाचा परवाना आम्हीच फाडायचो. विदेशीला ५ रुपये, देशीला २. गिऱ्हाइकाला पत्ताही नसायचा.
दोन, २०१७ चा एप्रिल. सुप्रीम कोर्टाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद केली. आमचा बार ऐन हायवेला. मालकाने टेप आणला, मी आणि वेटर दोघं भर उन्हात मोजत निघालो. सरळ रेषेत मोजायचं की पायी रस्त्याने, यावर मालकाचं आणि वकिलाचं फोनवर भांडण. आम्ही टेप धरून उभे. कसंही मोजलं तरी भरेना. नंतर शहरहद्दीतल्यांना सूट मिळाली, पण आमची जागा हद्दीच्या बाहेर. तिथे आता लॉन आहे लग्नाचं. मागच्या महिन्यात पुतण्याच्या मित्राच्या लग्नाला गेलो तर बँडवाल्यांची गाडी बरोब्बर आमच्या गल्ल्याच्या जागेवर उभी. उधारीची वही अजून माझ्याकडे आहे. कुणाकुणाची नावं आहेत ते विचारू नका.

केळीचा_घड
हिशोबनीस, पान नंबर सांगा फक्त, आडनाव नको 😅

हिशोबनीस
तुमच्या काकांचं मिटलंय.

केळीचा_घड
😶

शेंगदाणा
त्या माशाचं काय झालं पण? @तापीकाठची

तापीकाठची
आत्ताच बहिणीला फोन करून विचारलं. म्हणते मासा नव्हताच, प्लास्टिकचा होता, बुडबुड्यांनी हलायचा. मी तिच्याशी बोलत नाहीये.

सुगरण_अमळनेर
कांदा निखाऱ्यात घातलाय. किती वेळ ठेवू?