मदत हवी आहे: डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायची पट्टी) नळीतून ऑइल पूर्ण निघत नाहीये

मंडळी, २०१६ ची वॅगनआर आहे, पेट्रोल. इंजिन ऑइल घरीच बदलायचंय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावून गाडीखाली शिरायचं धाडस नाही, म्हणून ६ लिटरचा हाताने मारायचा व्हॅक्यूम पंप आणलाय. इंजिन थोडं गरम करून, बंद करून डिपस्टिकच्या जागी नळी घातली. सुरुवातीला काळं ऑइल मस्त धारेनं आलं, मग नुसती गुडगुड आणि फेस. नळी वरखाली केली तरी तेच.

नळी चेंबरच्या (इंजिनखालची ऑइलची टाकी) तळाशी वळून वर येत असेल का? किती आत गेली म्हणजे तळ लागला समजायचं? निघालेलं ऑइल मोजलं तर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरतंय. फिल्टरमधलं धरूनही एवढा फरक चालेल, की गाडीखालचा ऑइल काढायचा नट खोलावाच? आणि जुनं ऑइल पुण्यात कुठे देता? गटारात ओता म्हणणाऱ्यांनी कृपया गप्प बसा.