मदत हवी आहे : आईच्या युद्धकाळातल्या नोकरीची नोंद कुठे मिळेल?

माझी आई गेल्या महिन्यात गेली. शंभरीला थोडीच कमी होती. दुसऱ्या महायुद्धात ती विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया)मध्ये टेलिफोन ऑपरेटर होती. हे दल १९४२ मध्ये उभं राहिलं आणि १९४७ मध्ये बरखास्त झालं. बायका तिथे टंकलेखन, सांकेतिक संदेश, गाड्या चालवणं अशी कामं करत. आईचा गणवेश म्हणजे खाकी साडी.

पुढे लग्न, आम्ही चार भावंडं, आणि ती सगळी वर्षं तिने पेटीत ठेवून दिली. विचारलं की म्हणायची, "फोन जोडायचे, त्यात काय सांगायचं?" पण कुणाशी काय बोललं गेलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोरांचीही गुपितं तिच्याकडे तशीच सुरक्षित राहायची, एकमेकांपासूनसुद्धा.

पेटीत एक पदक मिळालं. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह, म्हणजे १९३९-४५ चं वॉर मेडल. कागद मात्र एकही नाही. भरती बहुधा माहेरच्या नावाने झाली असावी.

नातवंडांसाठी तिच्यावर चार पानं लिहायची आहेत. या दलातल्या भारतीय स्त्रियांच्या सेवानोंदी आता कुठे आहेत, लष्कराच्या अभिलेख कार्यालयात की लंडनला? वारसाने अर्ज करताना काय जोडावं लागतं? आणि कुणाची आई, आजी, मावशी याच दलात होती का? त्यांनी घरी काय सांगितलं, तेही कळवा.