आधुनिक इटलीचा इतिहास : सुरुवात मॅझिनीपासून करावी की बोल्झानोपासून?

प्रश्न : खानापूरची विद्यार्थिनी

मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात इतिहास विषय घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. आमच्या अभ्यासक्रमात इटली दोनदा भेटते : एकदा एकीकरणाचे नेते मॅझिनी, काव्हूर आणि गॅरिबाल्डी यांच्यासोबत, आणि दुसऱ्यांदा मुसोलिनीसोबत. या दोहोंच्या मधल्या अर्धशतकात तेथील सामान्य माणूस कसा जगत होता आणि १९४५ नंतर त्या देशाचे काय झाले, याविषयी पाठ्यपुस्तके जवळजवळ काहीच सांगत नाहीत. अलीकडे उत्तर इटलीतील दक्षिण टिरोल (मुख्य शहर बोल्झानो) या जर्मनभाषक जिल्ह्याविषयी वाचनात आले आणि सीमाभागात वाढल्यामुळे साहजिकच मन तेथे अडकले. लघुप्रबंधासाठी हा विषय धरावा, की आधी एकीकरणाचा काळ नीट वाचावा? मला मराठी, कन्नड आणि इंग्रजी येते; इटालियन किंवा जर्मन येत नाही.

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, निपाणी

आधी एकीकरण वाचा, परंतु वीरकथा म्हणून वाचू नका. मॅझिनीविषयी मराठी वाचकाला जुना जिव्हाळा आहे. सावरकरांनी त्याच्या आत्मचरित्राचा केलेला अनुवाद १९०७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला आणि त्या पुस्तकाने अनेकांना भारून टाकले. तो जिव्हाळा मलाही आहे, पण अभ्यासात त्याची अडचणच अधिक होते. मॅझिनीला प्रजासत्ताक हवे होते आणि मिळाले सार्डिनियाच्या सव्हॉय घराण्याचे राज्य. १८७२ साली पिसा येथे त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो स्वतःच्याच देशात खोट्या नावाने राहत होता. दुसरीकडे, १८६१ मध्ये इटलीचा पहिला राजा झालेल्या व्हिक्टर इमॅन्युएलने आपल्या नावापुढचा ‘दुसरा’ हा आकडा तसाच ठेवला, कारण उत्तरेत केंद्र असलेल्या जुन्या सार्डिनियाच्या राज्यात तो त्या नावाचा दुसरा राजा होता. दक्षिणेतल्या लोकांना हे एकीकरण वाटले की उत्तरेने केलेला कब्जा, या प्रश्नाची सुरुवात मला तरी त्या आकड्यापाशीच दिसते.

१८६१ मध्ये देशातील तीनचतुर्थांशांहून अधिक लोक निरक्षर होते. इटालियन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने अवघे अडीच टक्के धरले, तर आर्रिगो कास्तेल्लानी यांनी ते सुमारे दहा टक्क्यांपर्यंत नेले. दोघांपैकी कोणाचेही मान्य केले, तरी दहांतल्या नऊ जणांना आपल्याच राज्याची भाषा बोलता येत नव्हती. त्यांच्याशी राज्याची गाठ पडली ती सक्तीच्या सैन्यभरतीतून आणि करवसुलीतून. दळणावर बसवलेल्या करामुळे १८६९ च्या आरंभी गावोगाव दंगे झाले. दक्षिणेतील बंडखोरीला सरकारने दरोडेखोरी हे नाव दिले आणि १८६३ च्या पिका कायद्याने ती प्रकरणे लष्करी न्यायालयांकडे सोपवली. मतदानाचा हक्क त्या वेळी लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास लोकांना होता. पुढे लाखो माणसे अमेरिकेच्या जहाजात का चढली, आणि सार्डिनिया बेटावर जन्मलेल्या ग्राम्शी या मार्क्सवादी विचारवंताने १९२६ साली दक्षिणेच्या प्रश्नावर लिहिताना उत्तरेचे कामगार आणि दक्षिणेचे शेतकरी एकत्र कसे येतील याचाच विचार का केला, हे या पार्श्वभूमीवाचून कळत नाही. मुसोलिनीकडे या वाटेने गेलात, तर तो आकाशातून पडल्यासारखा वाटणार नाही.

इटालियनची भीती बाळगू नका. केवळ वाचण्यापुरती भाषा वर्षभराच्या नेटाने येते.

उत्तर २ : टिळकवाडीतील एक वकील

सरांचा क्रम योग्य आहे, परंतु त्या क्रमाने गेल्यास लघुप्रबंधाची मुदत १८८२ च्या मताधिकार कायद्यापाशीच संपेल. माझ्या मते दक्षिण टिरोलच घ्यावे आणि त्यातही १९४६ ते १९७२ एवढीच वर्षे घ्यावीत.

हा प्रदेश १९१९ च्या सेंट जर्मेन तहाने ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. १९१० च्या गणनेत तेथे सुमारे ८९ टक्के लोक जर्मनभाषक होते. फॅसिस्ट राजवटीने जर्मन शाळा बंद केल्या, तेव्हा खेड्यांतल्या शिक्षिका घराघरांत चोरून वर्ग घेऊ लागल्या. त्या वर्गांना लोक तळघरातल्या शाळा म्हणत. एत्तोरे तोलोमेई या इटालियन राष्ट्रवाद्याच्या पुढाकाराने गावांची नावे बदलली गेली आणि बदलाची मागणी आडनावांपर्यंत पोहोचली. (पाट्यांवरची नावे माणसाच्या मनात किती खोल जातात, हे बेळगावकराला निराळे सांगावे लागत नाही.) १९३९ साली हिटलर आणि मुसोलिनी यांनी या लोकांपुढे दोनच पर्याय ठेवले : जर्मनीत जा, किंवा भाषा सोडून राहा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ग्रूबर यांच्यात स्वायत्ततेचा करार झाला, पण १९४८ मध्ये रोमने या जिल्ह्याला इटालियन बहुसंख्या असलेल्या ट्रेंटोशी एका प्रांतात बांधले आणि करारातला जीवच काढून घेतला. १९५७ मध्ये झिगमुंड्सक्रोन किल्ल्यावर झालेली जर्मनभाषकांचा नेता सिल्व्हिउस माग्नागोची प्रचंड सभा, १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत उडवलेले विजेचे मनोरे आणि १९७२ चा दुसरा स्वायत्तता कायदा हे सारे त्यातून आले. नोकऱ्या भाषागटांच्या प्रमाणात आणि सरकारी नोकराला दोन्ही भाषा येणे आवश्यक, ही व्यवस्था त्यानंतर उभी राहिली.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. या कथेत आपली कथा शोधू नका. त्यांच्या पाठीशी ऑस्ट्रिया हे दुसरे सार्वभौम राष्ट्र होते, हातात आंतरराष्ट्रीय करार होता आणि १९६० साली प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे गेला. आपला वाद एकाच संघराज्यातील दोन राज्यांचा असून महाराष्ट्राचा २००४ चा दावा राज्यघटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात आहे. कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींची जातच वेगळी आहे. तुलना करायची असेल तर शाळा, पाट्या आणि कचेरीतली भाषा यांची करा.

उत्तर ३ : माजी सैनिक, कॅम्प भाग

आपल्या गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, हे कोणाला आठवले नाही याचे नवल वाटले. त्याच पलटणीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात मोंतोने गावाजवळ धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या शेतांतून आपली पलटण पुढे गेली, ती शेते तेव्हा बहुतांशी अर्धेलीने कसली जात होती : जमीन मालकाची, राबणे कुळाच्या सगळ्या घराचे, पीक निम्मे निम्मे. युद्धानंतर कुळांनी झगडून आपला वाटा ५३ टक्क्यांवर नेला आणि १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यावरच बंदी आली; तोवर तरुण पिढी शहरांतल्या कारखान्यांकडे निघून गेली होती. वकीलसाहेब भाषेचेच बोलत आहेत, पण सामाजिक इतिहास म्हणायचा तर जमीन कशी वगळता येईल?

प्रश्नकर्ती

तिघांचेही आभार. अर्धेली आमच्या घरातही होती, त्यामुळे तो विषय मोह घालतो आहे. परंतु कागदपत्रे हाताशी कोणती मिळतील हे पाहता १९४६ ते १९७२ हाच काळ धरते. सरांनी सांगितलेला पहिला भाग प्रस्तावनेत येईल. स्वायत्तता कायद्याचे वाचन कोठून सुरू करावे?

टिळकवाडीतील वकील

९९ व्या कलमापासून. जर्मन भाषा इटालियनच्या बरोबरीची आहे, असे त्यात म्हटले आहे आणि लगेच पुढे, कायद्याचा अधिकृत पाठ इटालियनच राहील, असेही म्हटले आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच कलमात बसवण्यासाठी कोणी कोणापुढे किती माघार घेतली, हे शोधलेत तर तुमचे पहिले प्रकरण तयार होईल.