'सौम्य लाठीमार' हा शब्द बंद करून बळाच्या वापराची जाहीर नोंद ठेवावी का?

कोरडवाहू

मोर्चावर काठ्या चालल्या की दुसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य येतं: 'जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी सौम्य लाठीमार केला.' कायद्याला सौम्य लाठीमार नावाचा प्रकार ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे तो क्रम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२९) सांगतं की आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा. तो कार्यकारी दंडाधिकारी देईल किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देईल. प्रभारी नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. त्यानंतरही जमाव हलला नाही, किंवा हलणार नाही असा पवित्रा त्यानं घेतला, तरच बळ.

म्हणून 'किती जोरात मारलं' याच्या आधीचे प्रश्न विचारायला हवेत. हुकूम कुणी दिला? किती वाजता? ध्वनिक्षेपकावरून की नुसत्या घशानं? मागच्या रांगेला तो ऐकू गेला का? आणि निघायला किती मिनिटं मिळाली?

माझी मागणी अशी: प्रत्येक वेळी सात दिवसांच्या आत हा तपशील जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर यावा. सोबत अश्रुधुराची किती नळकांडी सोडली आणि दोन्ही बाजूंच्या जखमा शरीराच्या कोणत्या भागावर आहेत, हेही. हा शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काठी मांडीवर, पोटरीवर मारायची असते. डोकं, मान, मणका वर्ज्य. कोपर आणि मनगट यांच्यामधलं हाड मोडलेले दहा जण दवाखान्यात आले, तर ते डोकं झाकायला हात वर करून उभे होते असाच संशय येतो. त्याला सौम्य म्हणता येत नाही.

बंदोबस्त

क्रम बरोबर सांगितलात, पण तो पार पाडणारा शिपाई तुमच्या मांडणीत कुठेच नाही. पहाटे पाचपासून उभा, जवळ पाणी नाही, लघवीला जागा नाही. हेल्मेट आणि ढाली अर्ध्याच लोकांना पुरतात. ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही तो पहिल्या दगडालाच काठी उचलतो, कारण त्याच्याकडे बचावाचं दुसरं काही नसतं. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, पोलीसही जखमी झाले. काही दिवसांत गृहमंत्र्यांनी माफी मागितली आणि जिल्ह्याचे अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले. सगळ्या दलानं त्यातून एकच धडा घेतला: वरून पाठबळ मिळेलच असं नाही.

अशा दलाला रकाने भरायला दिले तर ते नंतर बसून, वकिलाला विचारून भरले जातील. छत्तीस जिल्ह्यांत एकच मजकूर येईल: 'तीन वेळा इशारा दिला, जमाव ऐकेना.'

आणि आयोजकांचं काय? दिल्लीच्या रामलीला मैदान प्रकरणात (बाबा रामदेवांचं उपोषण; घटना जून २०११, निकाल फेब्रुवारी २०१२) झोपलेल्या लोकांवर मध्यरात्री कारवाई केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना दोषी धरलं. पण भरपाईचा २५ टक्के भार आयोजक न्यासावर टाकला. नोंद व्हायची तर स्वयंसेवक किती होते, नेता भोंग्यावरून काय बोलला, हेही त्यात यावं.

कोरडवाहू

आयोजकांचा रकाना मान्य, आनंदानं. पण 'दगड आला म्हणून काठी' एवढ्यावर हिशेब मिटत नाही. अनिता ठाकूर विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य हा २०१६ चा निकाल पाहा. जम्मूजवळच्या कटऱ्याची २००७ ची घटना. आंदोलक आक्रमक झाले होते, सुरुवातीचं बळ समजण्यासारखं होतं, असं न्यायालय म्हणालं. मात्र जमाव आटोक्यात आल्यावरही मारहाण चालू राहिली, ती बेकायदा ठरली आणि भरपाई द्यावी लागली. म्हणजे बळ कधी थांबवलं, ही वेळसुद्धा लिहायला हवी. ती कुणीच लिहीत नाही.

पाणवठा

दोघंही काठीवर अडलात. माणसं अनेकदा काठीपेक्षा अडलेल्या वाटेमुळे मरतात.

नागपूर, २३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा विधानभवनाजवळ अडवलेला, त्यात बायका-मुलं मोठ्या संख्येनं. संध्याकाळपर्यंत निवेदन घ्यायला सरकारतर्फे कुणी आलं नाही. समोर कठडे, मागून रेटा. लाठीमार सुरू झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले.

यात काय चुकतं ते नीट समजून घ्या. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की माणूस स्वतःच्या इच्छेनं हलू शकत नाही, गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. तेव्हा पुढच्या रांगेला मारलं तर ती मागे जाऊच शकत नाही. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही, ते ढकलतच राहतात. मधली माणसं उभ्या उभ्या गुदमरतात. अशा ठिकाणी आधी मागची वाट मोकळी करावी लागते: शेवटच्या रांगेपासून, दोन्ही बाजूंच्या गल्ल्या उघडून, तिथे ध्वनिक्षेपक लावून.

अश्रुधुराचंही तेच. वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला लोकांना पळायला जागा हवी. पुढे भिंत किंवा नाला असेल तर नळकांडी सोडणं म्हणजे कोंडणं. धूर हवेपेक्षा जड, तो खालच्या घरांत जाऊन साचतो. गॅस गन वरच्या कोनात धरायची असते. सरळ रेषेत मारलेलं नळकांडं कवटी फोडतं.

त्यामुळे नोंदीत पहिला कागद नकाशा असावा. आदल्या दिवशी काढलेला, बाहेर पडायच्या वाटा दाखवणारा.

कायदेपंडित नव्हे

काठीच्या आधीचं एक साधन विसरलं जातंय. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ आणि ६९ खाली ताब्यात घ्यायचं, गाडीत बसवायचं, प्रसंग टळला की सोडायचं. त्याला बस लागतात आणि महिला पोलीस लागतात. बस मागवलेल्या नसतात म्हणून काठी निघते, हे नियोजनातलं अपयश आहे. आणि कलम ३७(३) चा जमावबंदीचा मनाई आदेश १५ दिवसांचा असतो. तो संपला की नवा काढत राहायचा, ही पद्धत आधी बंद व्हावी. संविधानाच्या १९(१)(ख) नं शांततेनं व विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिलाय, तो पंधरवड्यांच्या हप्त्यांनी नाही.

बंदोबस्त

हक्क रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आहे. ऑगस्ट २०२५ अखेरीस मुंबईत आझाद मैदानावर मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला ५ हजार जणांची परवानगी होती, लोक त्याच्या कितीतरी पट आले आणि सीएसएमटीचा परिसर अडून राहिला. शेवटी उच्च न्यायालयानं रस्ते मोकळे करायला सांगितलं. रुग्णवाहिकेतल्या माणसाला 'संयम पाळला' हे उत्तर पुरत नाही.

नकाशाचं मात्र पटलं. तो आधी काढलेला असल्यानं नंतर रचता येत नाही.

कोरडवाहू

तेच तर! घटनेच्या आधीचा नकाशा, घटनेच्या वेळी नियंत्रण कक्षाकडे बिनतारी यंत्रावरून दिलेली वेळ, घटनेनंतरचा दवाखान्याचा कागद. तिन्ही वेगवेगळ्या हातांतले. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० जण गेले आणि एका उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयात जन्मठेप व्हायला २००९ उजाडलं. बारा वर्षं लोक आठवणीवर साक्ष देत राहिले.

बंदोबस्त

जखमांचा रकाना पोलिसांनी भरू नये, जिल्हा शल्यचिकित्सकांनी भरावा. तेवढं बदललं तर विरोध नाही.

पाणवठा

तिथे एक मोठी अडचण आहे. सरकारी दवाखान्यात गेलं की डॉक्टर जखमेची पोलीस नोंद करतात, चौकी दारातच असते, आणि रात्री दंगलीच्या गुन्ह्यात तेच नाव आरोपी म्हणून लागतं. म्हणून डोकं फुटलेला माणूस गावातल्या खासगी डॉक्टरकडे टाके घालून घेतो. नावाऐवजी फक्त वय, लिंग आणि जखमेची जागा पुढे जाईल अशी सोय असल्याशिवाय तो रकाना रिकामाच राहील.