सावईवेऱ्यात घरचं इंटरनेट : महिन्याला १००० जीबी पुरतील का?

कुळागर
नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यात सावईवेऱ्याला, कुळागराच्या म्हणजे माड-पोफळींच्या बागेच्या आत, रस्त्यापासून चारेकशे मीटरवर. मी रोज पाच तास ऑनलाइन गाणं शिकवते, आणि गणपतीची चवथ झाली की वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. आजवर मोबाइलच्या डेटावर निभावलं, आता जमत नाही. परवा यमनची तान शिकवताना मध्येच आवाज तुटला आणि समोरची नऊ वर्षांची मुलगी तो तुटका तुकडाच तसाच्या तसा गाऊन दाखवू लागली. मला फार वाईट वाटलं.

दोन पर्याय आहेत. एक एअरफायबर, म्हणजे छपरावर ५जीचा डबा, महिन्याला १००० जीबी. दुसरा, गावातल्या केबलवाल्याची फायबर. ती रस्त्यापर्यंत आली आहे, पुढे ओढायचा खर्च आमचा. तो ‘अनलिमिटेड’ म्हणतो. अटलांटातल्या एका विद्यार्थिनीची आई महिनाअखेरीस मुलीचा व्हिडिओ बंद ठेवते, मर्यादा ओलांडली की बिल वाढतं म्हणून. ते ऐकल्यापासून धास्ती घेतली आहे. कोणी अनुभवी सांगेल का?

खांडेपार
ताई, आधी हिशेब मांडा. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण दीड जीबी धरा, म्हणजे शिकवणीचे रोज साडेसात. दोन्ही खोल्यांत पाहुणे तीन-तीन तास एचडी सिनेमे बघतील, तासाला ३ जीबीने ते १८. घरचा टीव्ही दोन तास, ६. रोजचे साडेएकतीस, महिन्याचे ९४५. हजाराच्या काठावरच आलात! एखाद्या पाहुण्याने ४के लावलं तर तासाला ७ जीबीपर्यंत जातात.

फायबरच्या ‘अनलिमिटेड’लाही आपल्याकडे बहुतेक योजनांत ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. ती तुम्हाला भरपूर झाली. २०१९ मध्ये जिओफायबर आलं तेव्हा ₹६९९ च्या योजनेत मूळ डेटा १०० जीबी होता. वर्षभरात ₹३९९ ला ३० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेग आणि ३३०० जीबी झाले, इतरांनाही मागोमाग यावं लागलं. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी चढतो, म्हणजे ३९९ चे ४७१ होतात. केबलवाल्याला एवढंच विचारा : किती जीबीनंतर वेग उतरतो, आणि उतरून किती होतो? कागदावर घ्या.

अटलांटावासी
मी मूळचा डिचोलीचा. त्या बाईंचं खरं आहे. इथे कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या जुन्या योजनांत १.२ टीबी (१२०० जीबी) मर्यादा, पुढे दर ५० जीबीला १० डॉलर, महिन्याला जास्तीत जास्त १०० डॉलर. जून २०२५ पासून त्यांच्या नव्या योजनांत मर्यादा नाही, पण जुन्या ग्राहकाला स्वतःहून योजना बदलून घ्यावी लागते. त्या आईला हे जरूर कळवा. भारतात सहसा वेग उतरतो, इथे बिल चढतं. शिकवणीवाल्याला मात्र दोन्ही सारखंच जाचक.

२०२४ पासून इथे विक्रीच्या वेळी प्रत्येक योजनेसोबत एक तक्ता दाखवावा लागतो, खाद्यपदार्थाच्या पाकिटावर असतो तसा : दर, वेग, डेटा, वरचं जादा शुल्क. आपल्याकडे असा तक्ता केबलवाल्याच्या पावतीमागे छापला तरी किती बरं होईल.

राइनकाठ
जर्मनीत २०१३ मध्ये डॉइश टेलिकॉम कंपनीने घरच्या ‘फ्लॅट’ (एकाच दरात हवं तेवढं) योजनांनाही ठराविक डेटानंतर वेग उतरवायचं ठरवलं होतं. कोलोनच्या कोर्टाने त्याच वर्षी ते कलम रद्द केलं : नाव फ्लॅट ठेवायचं आणि वेग मारायचा, हे चालणार नाही. ‘अनलिमिटेड’ शब्द ऐकला की मला तेच आठवतं.

मांद्रे
बाय, माझ्याही तीन खोल्या आहेत, म्हणून कळकळीने सांगते : कॅमेरे लावणार असाल तर जपून. मी चार लावले, चारही क्लाउडवर चोवीस तास. विसाव्या दिवशी नेट मुंगीच्या पावलांनी चालू लागलं. पाहुणे कुरकुरले, मी राउटर दहा वेळा बंद-चालू केला. भाचीने हिशेब केला. एक कॅमेरा २ एमबीपीएसने पाठवत राहिला तर दिवसाला साडेएकवीस जीबी, चार कॅमेऱ्यांचे महिन्याला २६०० च्या घरात! वर चढणारा डेटाही मोजतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आता रेकॉर्डिंग घरच्याच डब्यात होतं, हालचाल झाली तरच फोनवर येतं.

खांडेपार
अगदी बरोबर. आणि एअरफायबरचं अजून एक : कुळागरात माड-पोफळींची पानं पावसात भिजली की ५जीचा सिग्नल ओसरतो. घ्यायचंच असेल तर भर पावसात चाचणी करून घ्या, उन्हात नको.

फायबरला पाण्याचं भय नाही, माडाच्या पडत्या चुडताचं (झावळीचं) आहे. ओएनटीवर, म्हणजे फायबर घरात येऊन जोडते त्या डब्यावर, ‘एलओएस’चा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला की समजा कुठेतरी तार तुटली. वायर खांबावरून न आणता चिऱ्यांच्या गडग्याच्या (कुंपणाच्या भिंतीच्या) कडेने पाइपात घालून आणा. खर्च एकदाच. एक वायर जास्तीची टाकून ठेवा. ओएनटी आणि राउटर दोन्हींना छोटा यूपीएस हवाच, आपल्याकडे जूनमध्ये वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीतच आहे.

कुळागर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज केबलवाल्याला गाठलं. ३३०० जीबीनंतर ४ एमबीपीएस, असं त्याने पावतीच्या मागे लिहून सही करून दिलं. ४ वर एक वर्ग तरी चालेल ना? गडग्याच्या कडेने पाइप घालायला सासरे तयार आहेत, पण सुपारीच्या मुळांना धक्का नको म्हणतात.

खांडेपार
चालेल, घरातलं बाकी सगळं बंद असेल तर. मुळांसाठी गडग्याला लागूनच वीतभर खोल खणा, मधून नको. शनिवारी मी जवळच माशेलला येतो आहे, वायर कुठून आणायची तो मार्ग बघून जाईन.