प्रतिसाद: राजापूर आणि शिवसेना

राजापूर लोकसभा मतदारसंघ शिवसेनेचा 'पहिल्यापासूनचा' बालेकिल्ला, असं वर म्हटलंय. तसं नाही हो! १९५७ पासून तीनदा बॅ. नाथ पै आणि ते गेल्यावर १९७१ ते १९८९ सलग पाच वेळा मधु दंडवते. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ समाजवादीच. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत भलेभले वाहून गेले, दंडवते मात्र टिकले. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. १९९१ ला काँग्रेसच्या सुधीर सावंतांनी त्यांना हरवलं. सेनेचे सुरेश प्रभू आले ते १९९६ ला, मग २००४ पर्यंत चारही वेळा तेच. पुढच्या निवडणुकीला मतदारसंघच उरला नव्हता. पुनर्रचनेत रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला, आणि तिथे २००९ ला प्रभू हरले.