दिवंगत प्राध्यापकांचा चार हजार पुस्तकांचा संग्रह : कसा घ्यावा?

ग्रंथपाल_सातारा
नमस्कार. आमच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या एका दिवंगत सरांचा सगळा संग्रह घरची मंडळी ग्रंथालयाला देताहेत. चार हजारांच्या आसपास पुस्तकं. अटी दोन : सरांच्या नावाचं स्वतंत्र दालन, आणि एकही पुस्तक काढायचं नाही. प्राचार्यांनी तोंडी होकार दिलाय, टेम्पो पुढच्या आठवड्यात येतोय. माझ्या हाताशी एक लिपिक, एक शिपाई. मी सरांचीच विद्यार्थिनी, त्यामुळे नाही म्हणवत नाही. सुरुवात कुठून करू?

जुनी_दाखलनोंद
ताई, आधी टेम्पो थांबवा. गठ्ठे दारात उतरले की ‘हे नको’ म्हणणं जड जातं. सरांच्या घरी जा आणि कपाटांसमोर उभं राहून निवडा.

माझी नोकरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात झाली, बराच काळ देणगीच्या पुस्तकांतच गेला. क्रमिक पुस्तकं नि नेहमीचे संदर्भग्रंथ तुमच्याकडे बहुधा असतीलच. खरा ठेवा तळाच्या खणात असतो : गावोगावच्या संस्थांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, परिषदांची इतिवृत्तं, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक. पातळ असतात म्हणून रद्दीत पहिल्यांदा तेच जातात, आणि मग शोधूनही मिळत नाहीत. ते आधी उचला. समासही बघा. एका प्राध्यापकांच्या ऐतिहासिक पत्रांच्या खंडात चुकलेल्या तारखांसमोर बारीक पेन्सिलीने दुरुस्ती आणि तिचा आधार लिहिलेला होता. त्या खंडाच्या दोन प्रती आमच्याकडे होत्या, तरी मी तिसरी ठेवून घेतली.

दालनाचं म्हणाल तर पाचखणी कपाटात, प्रत्येक खणात एकच रांग लावली तर, दीडशे-पावणेदोनशे पुस्तकं बसतात. म्हणजे पंचवीसेक कपाटं. हा हिशेब प्राचार्यांपुढे ठेवा. संशोधक मुद्दाम त्या संग्रहासाठी येणार असेल तर वेगळी जागा हवीच. गोवा विद्यापीठातला इतिहासकार पिसुर्लेकरांचा संग्रह तसा आहे. नाहीतर पुस्तकं विषयवार लावा, आत देणगीचं लेबल चिकटवा, कोहात, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत, वेगळा कलेक्शन कोड द्या आणि पुस्तक आधी कोणाचं होतं ते नोंदवायच्या ५६१ टॅगमध्ये सरांचं नाव घाला. संग्रह पडद्यावर एकत्र दिसतो, आणि पुस्तकं मुलांच्या हाती पडतात. सरांनाही हेच आवडलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

देणगीपत्र लेखी घ्या. मालकी ग्रंथालयाची, जादा प्रती काढण्याचा हक्क ग्रंथालयाचा, पण काढलेली पुस्तकं बाहेर द्यायची ती आधी घरच्यांना विचारून. या शेवटच्या कलमाने बहुतेकांचा विरोध मावळतो. आणि निवड होईपर्यंत दाखल क्रमांक देऊ नका! एकदा नोंदवहीत चढलं की काढायला समिती, मंजुरी, निर्लेखन (नोंद रद्द करणं) सगळं आलं.

वेखंड
वरच्यात एक भर. आलेली पुस्तकं महिनाभर वेगळ्या कोरड्या खोलीत ठेवा, थेट रॅकवर नको. संशय येईल ते पुस्तक पांढऱ्या कागदावर उभं करा. चार-आठ दिवसांत खाली ताजी पिवळसर भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे. वाळवीची माती दिसली तर खोकं बाहेरच ठेवा.

ग्रंथपाल_सातारा
प्राचार्यांशी बोलले, टेम्पो पुढे ढकललाय. रविवारी सरांच्या घरी जातेय. पुस्तकांत सरांना आलेली पत्रं सापडली तर?

जुनी_दाखलनोंद
टाचणी असेल तर काढा, गंजाने कागद फाटतो. पत्र लिफाफ्यात घाला आणि लिफाफ्यावर पेन्सिलीने पुस्तकाचं नाव नि पान लिहा. घरच्यांना दाखवल्याशिवाय कुठलंच पत्र संग्रहात घेऊ नका. खाजगी असेल ते त्यांच्याकडेच राहू दे.